अकरा धाकट्या

११ ऑगस्ट १९४४, शुक्रवार. रात्री झिमझिम, सकाळी उघाड. कचेरीला जुम्म्याची सुट्टी, हे घरी. श्रावणातला शुक्रवार म्हणून जिवतीची पूजा केली, पुरण घातले. जोंधळ्याचे पोते ओलसर निघाले, परत पाठवले. रॉकेल आजही मिळाले नाही. दुपारी आपल्या ओट्यावर तानुबाईचा हर्रास झाला. थोरल्या सगळ्या गेल्या, धाकट्या सगळ्या राहिल्या. लोक पोट धरून हसले.

दिवसाचे एवढेच लिहिले आहे, आणि त्याखाली संध्याकाळची एक ओळ. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात आम्हाला डायरी लिहायला लावणाऱ्या मदर सांगायच्या, घडले ते वहीत लिहा आणि वाटले ते देवाला सांगा. ती शिस्त मी जन्मभर पाळली. पण त्या दिवशी जे वाटले ते देवाला सांगूनही गेले नाही. ती शिसारी अजून तशीच आहे. म्हणून आज तानुबाईविषयी लिहायला घेतले.

तानुबाई परभणीत आमच्या मागच्या बोळात राहायची. माहेर सोनपेठचे, दिली होती चिताऱ्याच्या घरात. नवरा लवकर गेला. सासू कस्तुराबाई हिने तिला रंग कालवण्यापासून सगळे शिकवले आणि मग तीही गेली. घरात एकटी तानुबाई, भिंतीला टांगलेले साचे आणि कोपऱ्यात लगद्याचे मडके. उंच, सावळी बाई. नखांत हिंगुळाचा लाल रंग बारा महिने. बोलायला फटकळ, पण हातात रंगाची कुंची आली की तासभर तोंडातून शब्द निघायचा नाही.

ती महालक्ष्म्यांचे मुखवटे करायची. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडच्या महालक्ष्म्या. भाद्रपदात घरोघर बसतात. दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. आमच्याकडे मुखवटे पितळी होते, पण गावात बहुतेकांकडे कागदाच्या लगद्याचे असायचे, आणि ते सगळे तानुबाईच्या हातचे. कागद आमच्या ह्यांचा. तेव्हा निजामाचे राज्य, हे परभणीच्या कोर्टात वकिली करायचे आणि कोर्टाचे सगळे कागद उर्दूत. जुने अर्ज, नकला, रद्द झालेली कागदपत्रे मी पोत्यात भरून ठेवायची आणि ती घेऊन जायची. मुखवटा उलटा धरला की आतल्या बाजूला उर्दूच्या तुटक्या ओळी दिसायच्या.

"वैनी, देवीच्या डोस्क्यात बी कोर्टच हाय बगा," ती हसून म्हणायची.

लगद्याला कीड लागू नये म्हणून ती त्यात मेथी आणि कडुनिंब कुटून घालायची. त्याला आंबूस वास सुटायचा. आमच्या बायका तिच्या दारावरून जाताना पदर नाकाला लावायच्या. आणि भाद्रपदात त्याच लगद्याला नथ घालून त्याच्यापुढे सोळा भाज्यांचे ताट ठेवायच्या. मला हे तेव्हाही विचित्र वाटायचे.

तानुबाईची एक रीत होती. सासूने घालून दिलेली. मुखवटा सगळा रंगवून तयार व्हायचा, ओठ, भिवया, कपाळावरची चिरी, सगळे. पण डोळ्यांत बुबुळे नसायची. पांढरे डोळे घेऊन तो मुखवटा फळीवर वाट बघत बसायचा. ज्या घरची बाई न्यायला येईल तिला समोर पाटावर बसवायचे, तिचे नाव विचारायचे आणि मग खारीच्या केसांच्या कुंचीने काजळाची दोन बुबुळे घालायची. घातली रे घातली की मुखवटा त्या बाईकडे वळवायचा. डोळे उघडल्यावर देवीने पहिले तोंड बघायचे ते आपल्या घरच्या बाईचे. आधी थोरलीचे डोळे, मग धाकटीचे. थोरलीच्या आधी धाकटी उठत नाही.

हे असे तिच्या सासूच्या वेळेपासून चालत आले होते. लढाई सुरू झाली आणि बाजारातले रंग नाहीसे झाले. जे होते ते मोंढ्याच्या बाजारातल्या बन्सीधरशेठच्या दुकानात. शेठने अट घातली की रंग मी देईन, पण मुखवटे सगळे माझ्याच दुकानात आले पाहिजेत. तिने मान्य केले, दुसरा इलाज नव्हता. मुखवटे ती बुबुळे न घालताच द्यायची, डोळे ज्या त्या घरच्या बाईच्या हातून पडत असतील असे धरून. शेठ ते 'खास पुण्याचा माल' म्हणून विकू लागला. त्याचेही तिला फार काही वाटले नाही.

"पुन्याचा म्हनू द्या न्हाईतर लंकेचा. देवीला ठावं हाय कुनी घडीवली."

मग एका वर्षी काही कामाने ती ऐन गिऱ्हाइकीत शेठच्या दुकानात गेली. परत आली ती थेट माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. तोंड राखेसारखे झाले होते.

"वैनी, डोळे मुनीम घालायलाय."

"म्हणजे?"

"म्हंजी काय! हिशोबाच्या बोरूनं! एका हातात चहाची बशी, दुसऱ्या हातात बोरू. टिप, टिप. एकीला चकनी केली, दुसरीला आंधळी. आन् बाया घेऊन चालल्यात, लय झ्याक, लय झ्याक म्हनत. डोळे उघडून पह्यलं काय बगितलं आसंल तिनं? मुनमाची तपकीर!"

मी हसू दाबले. ती हसत नव्हती.

त्या दिवसापासून तिने शेठचा रंग घेतला नाही. शंखजिऱ्याची पूड, हळद, काव, दिव्याचे काजळ, बाभळीचा डिंक आणि कुठून तरी मिळवलेला चिमूटभर हिंगूळ एवढ्यावर तिने पुढच्या वर्षी अकरा जोड्या केल्या. पण त्या विकायच्या कशा? दारावर कोणी येईना. शेठने गावात बोलून ठेवले होते की तानुबाईचा घरचा रंग पूजेच्या दिवशी घामासारखा ओघळतो.

तेव्हा तिला हर्रास सुचला. हर्रास म्हणजे लिलाव, आमच्याकडे तेव्हा सगळे हाच शब्द वापरत. आमच्याकडची रद्दी पुरली नाही की ती कोर्टातही जायची, तिथे जप्तीच्या मालाचा हर्रास तिने पुष्कळदा पाहिला होता.

"जप्तीच्या घंगाळाला बी चार लोकांत मान हाय," ती ह्यांना म्हणाली. "हातात धरून दावत्यात, बोली हुती, घेनाऱ्याचं नाव हुतं. माझ्या लक्षुम्यांचा मीच करते हर्रास. ज्याला घ्यायची त्यानं समोर यावं, घर सांगावं, डोळे मी घालीन. दुकान नगं, मुनीम नगं."

ह्यांना गंमत वाटली आणि पटलेही. चार माणसे जमायची म्हटले की त्या काळी परवानगी लागायची. हे स्वतः पोलीस ठाण्यावर अमीनसाहेबांकडे जाऊन आले. बाई हर्रास करणार म्हटल्यावर अमीनसाहेब इतके हसले म्हणे की पंख्यावाल्यानेही दोरी सोडली. पण इजाजत दिली. जागा आमचा ओटा ठरला.

आदल्या दिवशी ह्यांनी तिला बजावले, "तानुबाई, सुरुवातीलाच मोठ्याने सांग, बोली जोडीची आहे. थोरलीची बोली लागेल तेवढेच धाकटीचे द्यावे लागतील."

ती ह्यांच्याकडे बघतच राहिली. "हे काय सांगायचं आस्तंय व्हय, वकीलसाहेब? थोरली उठली की धाकटी तिच्या मागं जाती. बहिनीला कोन मागं ठेवतंय?"

"तरी सांग."

"लगीन लावताना सांगत्यात का, नवरीला घरी न्यायची हाय म्हून?"

ह्यांनी हात जोडले.

शुक्रवारी जिवतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्याच होत्या. त्या खिडकीशी बसल्या. माझ्याजवळ समोरच्या घरच्या पार्वतीबाई. आठवडाभर त्या सांगत होत्या की पहिली बोली आमच्या घरची. त्यांचे यजमान समोर आपल्या ओसरीवर पान जुळवत बसले होते आणि त्यांच्या शेजारी लोडाला टेकून खुद्द बन्सीधरशेठ. मला ते खटकले. पण गाव लहान, कोणीही कोणाच्या ओसरीवर बसते.

हलगीवाल्या आश्रुबाने लोक गोळा करायला हलगी वाजवली. ओटा भरला, बोळ भरला. तानुबाईने धुवट लुगडे नेसून पदर घट्ट खोचला होता. मागे दोन फळ्या. वरच्या फळीवर थोरल्या, खालच्या फळीवर धाकट्या. पांढऱ्या डोळ्यांचे बावीस मुखवटे. खरे सांगते, इतके सुंदर काम तिने आधी कधी केले नव्हते. दुकानाच्या रंगाची ती भडक गुलाबी कांती नव्हती. उन्हातान्हात वावरणाऱ्या बाईची असते तशी गव्हाळ, हळद लावल्यासारखी. थोरलीच्या हनुवटीला जराशी ताठरपणाची रेघ आणि धाकटीचे ओठ आत्ता काही बोलतील असे.

गर्दीतून एकजण ओरडला, "ओ तानुबाई, हर्रास मुखवट्याचाच हाय का आनखी कशाचा?"

"तुझ्या तोंडाचा बी करते की! पन बोली कोन लावंल? फुकट नेलं तरी सांजच्याला तुझ्या मायच्या दारात परत आनून टाकत्याल."

लोक हसले. तो मागे सरकला. मला वाटले, जिंकली ही.

पहिली थोरली तिने हातात घेतली. लगेच बोली सुरू झाली. चार परगावचे लोक पुढे बसले होते, स्वच्छ फेटे, नवे जोडे. त्यांनीच ती वर नेली. गावातले लोक एकदोनदा बोलले आणि गप्प झाले. एकटी कमलबाई नेटाने बोलत होती. ही भाजी विकणारी बाई. तिच्या घरचे मुखवटे त्या पावसाळ्यात भिंत पडून चिरडले होते. ती डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजायची आणि मग बोलायची. ती दोघींचा हिशेब करत होती. त्या चौघांना तो करायचा नव्हता, हे आम्हाला अजून कळायचे होते.

"एक वार, दोन वार, तीन वार! कोन्या घरची?"

फेटेवाला उठला. "मुंजाजी. पालमचा."

"घरची बाई कुठंय?"

"बाळंतीन हाय, माय. मी तिचा पाठचा भाऊ."

"नाव?"

मुंजाजीने क्षणभर मागे, समोरच्या ओसरीकडे पाहिले. "चतुराबाई."

तानुबाईने कुंची काजळात बुडवली. एवढ्या गर्दीत तिचा हात जरासुद्धा हलला नाही. बुबुळे घातली, मुखवटा मुंजाजीकडे वळवला आणि म्हणाली, "चतुराबाईच्या भावा, नीट बग. तुझी बहीन समज आन् बग."

खिडकीशी पार्वतीबाईंनी फुटाण्यांची मूठ तोंडात टाकली आणि मला कोपराने ढोसले. "थांबा, गंमत पुढे आहे."

"कसली गंमत?"

"बघा तर."

मग एकामागून एक थोरल्या गेल्या, सगळ्या त्याच चौघांकडे; आपल्याकडच्या घरांसाठी न्यायला आलो म्हणत ते आळीपाळीने उठत. सोनपेठचे एक घर, पालमचे दुसरे, कुठल्या कुठल्या वाडीचे पाटील. कुणाची बाई बाळंतीण, कुणाची तापाने फणफणलेली, कुणाची माहेरी. एकाही घरची बाई ओट्यावर नव्हती. तानुबाई प्रत्येकीचे नाव विचारायची, ते नाव घेऊन डोळे घालायची आणि मुखवटा त्या फेटेवाल्याकडे वळवायची. कमलबाईला एकही मिळाली नाही. बोली इतक्या वर गेल्या होत्या की तानुबाईच्या कपाळावर घामाचे थेंब आणि तोंडावर न मावणारा आनंद. अकरावी गेली. ती पाणी प्यायली, तिने पदराने तोंड पुसले आणि खालच्या फळीवरची पहिली धाकटी उचलली.

"पालमच्या चतुराबाईची धाकटी. ये बाबा, मुंजाजी. तिचे बी डोळे घालते."

मुंजाजी जागचा हलला नाही. "आमी थोरलीच बोललाव. धाकटी कोन मागितली?"

तिला वाटले तो थट्टा करतो आहे. "आरं, ये लवकर. दुसरे लोक खोळंबलेत."

"धाकटीची बोली झाली का? आमी आईकली न्हाई."

दुसरा म्हणाला, आम्हीही थोरलीच बोललो. तिसराही तेच म्हणाला. तोपर्यंत बोळातून हशा फुटला होता. पुढच्या ओळीतले सभ्य, टोप्या घातलेले, मुलाबाळांचे बाप. ते तर गुडघ्यांवर हात मारून हसत होते. त्यांना आधीच ठाऊक होते. आदल्या संध्याकाळी पार्वतीबाईंच्या ओसरीवर बसून हे सगळे ठरले होते. चौघेही शेठच्या सोनपेठच्या व्याह्यांच्या दुकानावरचे लोक. बाळंतीण चतुराबाई वगैरे कोणी नव्हतेच. मुंजाजीला बहीणच नव्हती.

सगळ्या थोरल्या एकाच टोपलीत रचल्या गेल्या. उघड्या डोळ्यांच्या अकरा जणी, एकीवर एक. टोपली शेठच्या माणसाने उचलली. मग शेठ स्वतः उठून आला. पान तोंडात, ओठांच्या कडांतून लाल रस. ओट्याखाली उभे राहून त्याने एक धाकटी फळीवरून उचलली, हनुवटीला धरून. पानाने रंगलेल्या बोटांनी. तो डाग मला आजही दिसतो.

"तानुबाई, मनाला कामून लावून घ्यायलीस? पैसा खणखणीत मिळाला की. माझ्याकडं कधी मिळाला होता एवढा? आता ह्या धाकट्या एकल्या ठेवून काय करणार? मला दे. तोलून घेतो, रद्दीच्या भावानं. रद्दीच तर हाय." पुन्हा हशा. "आन् डोळ्यांची फिकीर करू नको. मुनीमजी घालतील."

हे ओट्यावरून ओरडले, "शेठ, ही फसवणूक आहे!"

"वकीलसाहेब, बोली तीन वार झाली, पैसा रोख दिला. जोडीची म्हटलं का कुणी? तुमीच सांगा कानून."

ह्यांचे तोंड उतरले. कायदा शेठच्या बाजूचा होता आणि ते ह्यांनाच सगळ्यांत चांगले ठाऊक होते. "तरी मी दावा लावीन," हे तानुबाईला म्हणाले.

"काय सांगाल कोर्टाला?" ती हळूच म्हणाली. "माझी धाकटी मागं राह्यली म्हून?"

मी आतून, सगळ्या बायकांदेखत, बोली दिली. अकराही धाकट्या मी घेते म्हणाले. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी मला बोलू दिले नसते. तानुबाईने खिडकीकडे मानसुद्धा वळवली नाही. "नगं वैनी. दयेची बोली नगं. आन् येकटीला नेऊन कुठं बसवताव?"

तिने शेठच्या हातातली धाकटी काढून घेतली. हिसकावली नाही, लहान मूल घ्यावे तशी घेतली. मग सगळ्या आपल्या पाटीत भरल्या आणि घरातून मागच्या अंगणात आली.

"वैनी, हौद वापरू का?"

मला वाटले हात धुवायचे असतील. मी हो म्हटले. तिने पाटी काठावर ठेवली आणि एकेक मुखवटा पाण्यात सोडला. पालथा नाही, उताणा. आधी रंग सुटला. ओठांचे लाल पसरले, हळद खाली गेली. मग नाके मऊ झाली, गाल बसले. मी काठावर उभी होते आणि मला तिथे थांबवेना. त्या विरघळणाऱ्या तोंडांमुळे नव्हे. बाहेर बोळात अजून हसणे चालू होते, त्यामुळे.

"अगं, पुढच्या वर्षी ह्यांच्या जोडीला थोरल्या करता आल्या असत्या," मी म्हटले.

"ह्यांच्या थोरल्या हायत की. शेठच्या टोपल्यात. दुसऱ्या करून ह्यांना काय सांगू? ह्या तुमच्या बहिनी म्हून?" तिने एक मुखवटा मुठीत दाबला, बोटांतून करडे पाणी गळले. "ह्यांचे डोळे उघडले न्हाईत, ते बरं झालं. तिकडच्यांचे म्या माझ्या हातानं उघडले. नावं घेऊन. बाळंतीन चतुराबाई! पह्यलं तोंड बगितलं त्यांनी ते त्या भाडोत्र्याचं. मुनीम परवडला, वैनी. मुनमानं निदान खोटी बहीन तरी सांगितली नसती."

पार्वतीबाई माझ्या मागून डोकावल्या, मुठीत फुटाणे होतेच. "अगं बाई! देवीला बुडवलीस! पाप आहे हे!"

"देवीला न्हाई, लगद्याला बुडवला," तानुबाई म्हणाली. "देव्या टोपल्यात बसून गेल्या की मगाशी. तवा तुमी फुटाने खात हुत्या."

तिने लगद्याचे गोळे करून पाटीत भरले, पाटी डोक्यावर घेतली आणि मागच्या दाराने गेली.

पुढे जे झाले त्याने तर माझी उरलीसुरली भीडही मेली. शेठने नांदेडहून एक माणूस आणून अकरा धाकट्या करवून घेतल्या. गुलाबी, फुगीर गालांच्या. त्यांचे डोळे मुनीमजींनी घातले आणि त्या थोरल्यांशी जोड्या लावून गावातच विकल्या गेल्या. महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला मी ज्या ज्या घरी गेले तिथे मखरात तानुबाईची गव्हाळ थोरली आणि तिच्या शेजारी ती गुलाबी चकणी. बहिणी नव्हत्या दिसत, सवती दिसत होत्या. आणि बायका विचारायच्या, "कशा दिसतात आमच्या महालक्ष्म्या?" पार्वतीबाईंकडची थोरली तर सरळ माझ्याकडे बघत होती. मी प्रसादाची पुरणपोळी पदरात बांधून आणली आणि बाहेर येऊन गाईला घातली. ती मला गिळवली नसती.

गावात सगळे एकच म्हणत, तानुबाईचे नुकसान काय झाले? पैसा तर जास्तच मिळाला. हे वाक्य मी इतक्या शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकले की शेवटी उत्तर द्यायचे सोडून दिले. शेठला मी समजू शकते, तो धंदा करत होता. पण जे नुसते गंमत म्हणून हसले त्यांचे काय करायचे?

एक घर मात्र सांगायला हवे. महालक्ष्म्या बसायच्या दिवशी तानुबाई सकाळीच कमलबाईकडे गेली. तिच्या घरातले दोन तांबे घासून पालथे ठेवले, त्यांवर नाक-तोंड काढले, कमलबाईला पाटावर बसवली आणि आधी थोरलीचे, मग धाकटीचे डोळे घातले. ती भाजीवाली त्या दोन तांब्यांकडे बघून रडत होती म्हणतात. मी पाहिले नाही, पण त्या वर्षी पोटभर जेवले ते तिच्याच घरी.

मुखवटे तानुबाईने पुन्हा कधी घडवले नाहीत. ज्या लगद्याचे गोळे तिने नेले त्याची तिने बाशिंगे केली, लग्नाची. पुढेही बाशिंगेच करत राहिली. कागद न्यायला यायची, गप्पा मारायची. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "बाशिंगच बरं, वैनी. त्याला डोळे नस्त्यात." अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात, रझाकारांच्या भीतीने गावातली अर्धी घरे निजामाच्या सरहद्दीपलीकडे निघून गेली होती तेव्हा, ती तापाने गेली. कमलबाई शेवटपर्यंत जवळ होती. आम्ही तेव्हा परभणीत नव्हतो.

गेल्या भाद्रपदात पार्वतीबाईंची सून माझ्याकडे आली होती. आता त्यांचे मोठे घर आहे, दाराशी मोटार आहे. मला म्हणाली, "काकू, आमची थोरली तानुबाईच्या हातची आहे बरं का, अस्सल! लोक बघायला येतात. तिच्या हातची एखादी धाकटी कुठे मिळेल का हो? सासूबाई नेहमी म्हणायच्या, फार गुणी कलावंत होती, आमचा फार जीव होता तिच्यावर. काय वाटेल ती किंमत देऊ."

मी तिला चहासुद्धा विचारला नाही. म्हटले, "मिळणार नाही," आणि दार लावून घेतले. मग जुन्या डायऱ्यांची पेटी उघडली आणि चव्वेचाळीस साल काढले.

त्या दिवशीच्या पानाच्या तळाशी, संध्याकाळी दिवा लावल्यावर लिहिलेली ओळ अशी आहे: हौद उपसून घासून घेतला, उद्या सकाळी दोन पखाली जास्त आणायला भिस्त्याला सांगितले.